चांभारचौकशी

मराठीत ‘चांभारचौकशी’ असा एक शब्द आहे. नको त्या गोष्टीत नाक खुपसून विचारलेले बिनकामाचे प्रश्न, असा त्याचा अर्थ. शाळेत आमच्या गुरुजींना हा शब्द फार प्रिय होता. कोणी दोन प्रश्न जास्त विचारले की ते म्हणायचे, “पुरे झाल्या चांभारचौकशा!” वर्ग हसायचा. मी त्याच वर्गात बसत असे, आणि हजेरीपटावर माझे आडनाव सर्वांना ठाऊक होते. या शब्दाचा राग अजून पुरता गेला आहे असे नाही. पण गेल्या दीड वर्षात मला त्याचा एक वेगळाच अर्थ लागला आहे, आणि तो सुटीच्या दिवशी मी करीत असलेल्या एका कामातून लागला आहे. ते काम म्हणजे चामडे हाताने शिवणे आणि रंगविणे.

प्रथम वर्षाला मी अकोल्याहून अमरावतीला आलो आणि वसतिगृहात राहू लागलो. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. माझ्या खोलीतला मित्र दर्यापूरकडचा, घरची शेती बरी असलेला. त्याने एकदा टपालाने एक संच मागविला. त्यात दोन बोथट सुया, एक आरी, मेण लावलेला दोरा, कातड्याचे पाच तुकडे आणि एक इंग्रजी पुस्तिका होती. किंमत चौदाशे रुपये. वडिलांची आख्खी पेटी अवजारांसकट विकली तरी तेवढे यायचे नाहीत. मित्राने दोन रविवार खटपट केली, बोटाला एकदा आरी टोचून घेतली, आणि संच कॉटखाली सरकविला. तिसऱ्या रविवारी मी तो बाहेर काढला. आरी कशी धरायची हे मला पुस्तिकेत पाहावे लागले नाही. मूठ तळहाताच्या खळग्यात आणि तर्जनी पात्यालगत. लहानपणापासून रोज पाहिलेले हातात कधी उतरले, ते मलाच कळले नव्हते.

आता कामाविषयी थोडे सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे चामड्याची पारख, आणि येथेच त्या बदनाम शब्दाची गरज पडते. तुकडा जनावराच्या पाठीचा की पोटाचा? पाठीचे कातडे घट्ट असते, पोटाचे सैल असते आणि ओढले की लांबते. पट्टा पोटाच्या कातड्याचा केला तर महिन्याभरात तो लोंबू लागतो. दुसरा प्रश्न, कमावले कशाने? बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या चामड्यावर पाण्याचा थेंब टाकला तर ते तो पिते आणि तेवढा भाग गडद होतो. क्रोम या क्षाराने कमावलेल्या चामड्याची कापलेली कड बहुधा निळसर-करडी दिसते. सालीचे कमावणे आठवडेच्या आठवडे चालते. क्रोमचे काम त्या मानाने फार लवकर उरकते, म्हणूनच आज जगातील बहुतेक चामडे क्रोमचे असते. तिसरा प्रश्न, ताण कोणत्या दिशेने आहे? चौथा, जाडी सर्वत्र सारखी आहे काय? हे सारे न विचारता कापायला बसणाऱ्याचा माल वाया जातो. जो चौकशी करीत नाही तो या धंद्यात टिकतच नाही. ज्याने हा शब्द शिवीसारखा वापरला, त्याने बहुधा जोडे फक्त पायात घातले असावेत, कधी शिवले नसावेत.

मग शिवण. कडेपासून सुमारे तीन मिलिमीटर आत कंपासने एक रेघ ओढायची. रेघेवर सारख्या अंतराने खुणा करायच्या. दोऱ्याची लांबी शिवणीच्या साडेतीन-चार पट घ्यायची, त्याला मधमाशांचे मेण चोळायचे आणि दोन्ही टोकांना एकेक सुई ओवायची. आरीने भोक पाडायचे, आणि त्या एकाच भोकातून एक सुई उजवीकडून तर दुसरी डावीकडून न्यायची. मग दोन्ही हातांनी सारखा ताण द्यायचा. घोड्याचे खोगीर शिवणारे असाच टाका घालतात. शिलाई यंत्राच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात. त्यातला एक तुटला की शिवण उसवत जाते. या टाक्यात दोन्ही दोरे प्रत्येक भोकातून स्वतंत्रपणे गेलेले असतात, त्यामुळे एक झिजून तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. शेवटी दोन टाके उलटे घालून दोरा कापायचा. कड पाण्याने ओलसर करून, मेण लावून, लाकडाच्या गुळगुळीत तुकड्याने घासली की ती काचेसारखी चमकते. वही मावेल असे एक वेष्टन शिवायला मला पहिल्यांदा तीन रविवार लागले. आता एक रविवार पुरतो.

रंगाचे प्रकरण जास्त मजेचे आहे, आणि वसतिगृहात ते थोडे वासाचेही झाले. बाजारात तयार रंग मिळतात, पण ते महाग. म्हणून पानवाल्याकडून कात आणला. कात पाण्यात उकळून तो कोमट असताना कापडाच्या बोळ्याने चामड्यावर गोल गोल फिरविला की सुंदर तपकिरी रंग येतो. पहिल्या हाताला डाग दिसतात, तिसऱ्या-चौथ्या हाताला रंग एकसारखा होतो. हळदीने पिवळा तर छान येतो, पण साबण किंवा सोडा लागला की लालसर होतो आणि उन्हात ठेवला की उडतो. काळ्या रंगासाठी एक जुनी युक्ती आहे. काचेच्या बरणीत व्हिनेगर घेऊन त्यात गंजलेले खिळे टाकायचे. झाकण घट्ट लावायचे नाही, कारण आत वायू तयार होतो. काही दिवसांनी ते पाणी गाळून सालीने कमावलेल्या चामड्यावर लावले की डोळ्यांदेखत ते तपकिरीचे करडे आणि करड्याचे काळे होते. सालीतले टॅनिन आणि लोखंड यांचा संयोग होऊन हा काळा रंग जन्मतो. तो वर फासलेला नसतो, चामड्यातच तयार झालेला असतो. युरोपात कित्येक शतके लिहिण्याची शाई याच तत्त्वावर बनत असे, आणि आंध्रातील कलमकारीचा काळा रंग लोखंड गुळाच्या पाण्यात मुरवून करतात. पुढे सोड्याच्या पाण्याने पुसून, वाळवून, एरंडेलाचा हलका हात द्यायचा. आमच्या रेक्टरसरांनी खिडकीतली बरणी पाहून “हे लोणचे कोणाचे?” असे विचारले होते. उत्तर ऐकल्यावर त्यांनी बरणी गच्चीवर ठेवण्याची परवानगी दिली, एवढी त्यांची कृपा.

येथपर्यंत वाचून कोणालाही वाटेल की छंद चांगला आहे. मित्र म्हणतातही तसे. माझी अडचण ‘छंद’ या शब्दापाशी सुरू होते.

माझे आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यात मोटा शिवीत. आज माझ्या वयाच्या मुलांनी मोट पाहिलेली नाही. विहिरीतून पाणी उपसणारी ती कातड्याची मोठी पिशवी. तोंडाला लोखंडी कडे, खाली सोंड, एक जाड नाडा आणि एक सोंदूर, आणि धावेवर मागे-पुढे जाणारी बैलजोडी. मोट फाटली की शेताचे पाणी थांबे, म्हणून माणूस रात्री-अपरात्री आबांना बोलावायला येई. तो घराबाहेर उभा राहून हाक मारी, आत येत नसे. आबा त्याच्या विहिरीवर जाऊन मोट शिवीत, पण त्याच विहिरीचे पाणी त्यांना ओंजळीत वरून ओतून मिळे. मोटेतून येणारे पाणी सर्वांना चाले. मोट शिवणारा हात मात्र चालत नसे. मजुरी म्हणून हंगामात खळ्यावर ज्वारीचे बलुते. पुढे तेलाची इंजिने आणि विजेचे पंप आले, मोटा गेल्या, बलुतेही गेले. आबा ऐंशीच्या घरात आहेत. विजेच्या पंपाविषयी ते एकच वाक्य बोलतात, “त्यानं आमची भाकर नेली, पन रातची हाकबी नेली.” यात दुःख किती आणि सुटका किती, हे मला अजून ठरविता आलेले नाही.

बाबा अकोल्याला आले आणि एका चौकात पेटी व छत्री घेऊन बसू लागले. ते अजून तेथेच बसतात. वहाणेचा अंगठा शिवायचे वीस रुपये. पुष्कळ जण दहात घासाघीस करतात. या पैशांतून माझी आणि बहिणीची शाळा झाली. घरात एक नियम होता: मुलांनी पेटीला हात लावायचा नाही. मी सहा-सात वर्षांचा असताना रापी उचलली, तर बाबांनी ती हातातून काढून घेतली आणि पाटी दिली. ते मारीत नसत, पण त्या वेळचा त्यांचा चेहरा लक्षात राहिला आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी एस. टी. ने घरी गेलो, तेव्हा पिशवीत माझे पहिले वेष्टन होते. अमरावती ते अकोला हा रस्ता २०२२ साली जागतिक विक्रमासाठी गाजला होता, पंचाहत्तर किलोमीटरचा पट्टा पाच दिवसांच्या आत डांबरला म्हणून. पण मूर्तिजापूर मागे पडल्यावर मला तो रस्ता फारच लवकर संपतो आहे असे वाटू लागले. रात्री जेवणानंतर मी वेष्टन बाबांपुढे ठेवले. त्यांनी ते उचलले नाही.

“कोनं शिवलं?”

“म्या.”

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्या तीस वर्स रस्त्यावर टाके घातले, थे तुले टाके घाला लागू नाई म्हून. आन तू तिथं होस्टेलात बसून हेच कराले लागला? कायले मंग फी भरली?”

“बाबा, हा धंदा नाई. छंद हाये. आवडते म्हून करतो.”

“आवडते?” बाबा म्हणाले. “आमाले कोनं कधी इचारलंच नाई, आवडते का म्हून.”

त्यापुढे मला बोलता आले नाही. सुटी संपेपर्यंत ते वेष्टन देवळीत तसेच पडून होते. मी मात्र अमरावतीला परतल्यावर त्यांच्या त्या एका वाक्यावर पुष्कळ विचार केला, आणि ग्रंथालयात त्याचे धागे शोधले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या निबंधात असे दाखवून दिले आहे की जात ही नुसती कामांची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, आणि तिच्यात माणसाच्या आवडीनिवडीला स्थानच नाही. हे वाचले तेव्हा मला बाबांचे वाक्य आठवले. जे बाबासाहेबांनी जगभरचे ग्रंथ वाचून सिद्ध केले, तेच अकोल्याच्या चौकात तीस वर्षे बसलेल्या माणसाने अनुभवाने सांगितले होते. आपल्या अमरावतीलाही याचा इतिहास आहे. अंबादेवीच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून येथे चळवळ झाली, आणि नोव्हेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद याच शहरात भरली. त्याच वर्षी महाडला त्यांनी लादलेली हलकी कामे सोडण्याचे आवाहन केले होते. सोडा, असे सांगणे त्या काळी आवश्यकच होते. बाबांनी माझ्या हातातली रापी काढून घेतली, ती त्याच शिकवणीच्या वाटेवर.

दुसऱ्या बाजूला अशी माणसे दिसतात की ज्यांच्यावर हे काम कोणी लादले नव्हते. रशियाचे थोर लेखक टॉल्स्टॉय उतारवयात बूट शिवायला शिकले. त्यांनी शिवलेला जोड त्यांच्या जावयाने म्हणे पुस्तकांच्या बारा खंडांशेजारी तेरावा खंड म्हणून ठेवला होता. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत वहाणा करायला शिकले आणि १९१४ साली तेथून निघताना त्यांनी जनरल स्मट्स यांना स्वतः केलेला जोड भेट पाठविला. स्मट्स यांनी १९३९ साली, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त, तो परत केला, तो घालण्याची आपली योग्यता नाही या भावनेने. आपल्या विदर्भातच, वर्ध्याजवळ नालवाडीला, गांधीजींच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या जनावरांच्या कातड्यावर चर्मालय चालविले. या सर्वांविषयी मला आदर आहे. तरी एक फरक नजरेआड करता येत नाही. टॉल्स्टॉय यांनी आरी खाली ठेवली तर ते टॉल्स्टॉयच राहत. आबांनी आरी खाली ठेवली असती तर घरात भाकर नव्हती, आणि ती उचलली तर अंगणात जागा नव्हती. काम एकच असून एकाला त्यामुळे मोठेपणा मिळतो आणि दुसऱ्याला त्यामुळेच हलकेपणा येतो. मग दोष आरीचा कसा म्हणावा?

आरीवरून आणखी एक आठवले. आजकाल आपल्या शहरात लग्नाच्या पोलक्यांवर ‘आरी वर्क’ करून घेण्याची फार हौस आहे. त्याचे वर्गही चालतात, आणि माझ्या वर्गातल्या दोघी मैत्रिणी तेथे जातात. कच्छमध्ये या भरतकामाला ‘मोची भरत’ म्हणतात, कारण चामड्यावर आरी चालविणाऱ्या मोच्यांनीच ते कापडावर आणले. नवरीच्या दंडावर आरी मिरवते, चौकातल्या पेटीत ती लपविली जाते. मैत्रिणींना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी पोलके आणि माझा पट्टा शेजारी ठेवून बराच वेळ टाके पाहिले.

किमतीचेही असेच आहे. कोल्हापुरी वहाणांना २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरी प्राडा या कंपनीने आपल्या प्रदर्शनात तशाच घडणीच्या वहाणा मांडल्या, आणि आरंभी कोल्हापूरचे किंवा भारताचे नावही घेतले नाही. ओरड झाल्यावर प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे हे त्यांनी मान्य केले. वर्तमानपत्रात ही बातमी वाचून आमच्या वसतिगृहात सर्वांचे रक्त तापले होते. तापावे, हे योग्यच. पण त्याच आठवड्यात आपल्यातल्या कितीजणांनी वहाणेचा अंगठा वीसऐवजी दहात शिवून मागितला असेल? मिलान दूर आहे. चौक जवळ आहे.

यंदाच्या स्नेहसंमेलनात हस्तकलेचे प्रदर्शन होते. मी दोन पट्टे, एक चष्म्याचे घर आणि तीन वेष्टने ठेवली. प्रत्येक वस्तूपुढे नावाचे कार्ड लावायचे होते. मित्रांचा सल्ला असा की नुसते पहिले नाव लिही, उगीच कशाला चर्चा. आडनाव वाचून माणसे काय काय समजून घेतात, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. मी त्या कार्डापुढे थोडा वेळ बसलो. मग पूर्ण नाव लिहिले: स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव. एक पाहुण्या बाई काळे वेष्टन हातात घेऊन म्हणाल्या, “किती सुबक! कोणत्या संस्थेत शिकलास?” मी म्हणालो, “घरी.” त्यांनी कार्ड वाचले आणि क्षणभर थांबल्या. मग त्यांनी विचारले, “हा काळा रंग कशाने येतो?” मी खिळ्यांची बरणी, हिरडा, साल सारे सांगितले. त्या प्रश्नावर प्रश्न विचारीत होत्या. माझ्या मनात आले, हीच खरी चांभारचौकशी, आणि ती किती आदराची गोष्ट आहे!

फेब्रुवारीत घरी गेलो तेव्हा देवळीतले वेष्टन जागेवर नव्हते. बाबा ते घेऊन दारात उजेडाला बसले होते. नखाने एकेक टाका तपासून झाल्यावर ते म्हणाले, “उजव्या हाताचा ताण जास्त हाये तुहा. म्हून टाका तिरपा पडते. डावा हात सैल सोडू नोको.” मग पेटीतून आरी काढून त्यांनी मला चार टाके घालून दाखविले. एकोणीस वर्षांत त्यांनी मला शिकविलेला हा पहिला धडा. धडा संपल्यावर आरी पुसून पेटीत ठेवली आणि बजावले, “रईवारीच. बाकीच्या दिवशी पुस्तक.”

ही अट मला पूर्णपणे मान्य आहे. बाबा आणि आबा यांच्या पिढ्यांनी निवड करता येईल अशा जागी मला आणून सोडले, म्हणूनच मी हे काम निवडू शकतो. उद्या पदवी घेऊन मी शिक्षक झालो काय किंवा आणखी काही झालो काय, हा टाका माझ्याजवळ राहील. आणि त्याच्यावाचून माझे पोट अडणार नाही, म्हणून तो मला अधिकच प्रिय राहील. पण ज्यांचे पोट अजून त्यावरच आहे, त्यांच्या टाक्याची किंमत ठरविताना आपण हात आखडता घेऊ नये, एवढे मात्र मला आपणा सर्वांना सांगावेसे वाटते.

बाबांच्या पेटीचा जुना पट्टा तुटला होता. मी म्हशीच्या पाठीच्या चामड्याचा नवा शिवून दिला, काताने रंगविलेला, दोन्ही हातांचा ताण सारखा ठेवून. परवा आबा सांगत होते की चौकात एका गिऱ्हाइकाने तो पट्टा पाहून भाव विचारला. बाबा म्हणाले, “इकाचा नाई थो. पोराचा छंद हाये.”